पेस्ट कंट्रोलचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायच्या आधी एकदा हे वाचा

मा. अध्यक्ष आणि कमिटी मेंबर्स,
नागाळा पार्क, कोल्हापूर

विषय: रविवारच्या मिटिंगमधला पेस्ट कंट्रोलचा विषय

अण्णा, नमस्कार. ग्रुपवरच टाकणार होते पण तिथं गुड मॉर्निंगच्या फुलांखाली सगळं गाडलं जातं, म्हणून रीतसर पत्र देतेय, इनवर्ड नंबर घालून घ्या.

अजेंड्यावर ‘पेस्ट कंट्रोलची एएमसी (वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट) रिन्यू करणे’ असं एका ओळीत आलंय, म्हणजे चहा यायच्या आधी हात वर करून मंजूर होणार हे मला ठाऊक आहे. माझी विनंती एवढीच की यावेळी आहे तसंच रिन्यू करू नका. औषध मारूच नका असं मी म्हणत नाही, आधी बघा आणि मग जिथं लागेल तिथं मारा, आणि त्या बघण्याचे पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये धरा.

सध्या काय होतंय बघा. तीन महिन्यांतनं एकदा पाठीवर पंप घेऊन एक पोरगा येतो, सिंकखाली, बाथरूमच्या कोपऱ्यात, दारामागं फुस्स फुस्स करतो, सही घेतो आणि वरच्या मजल्यावर पळतो. डोकं दोन दिवस दुखतं आणि आठवड्यात झुरळं परत हजर. मागच्या खेपेला दुसऱ्या मजल्यावर फिश टँक न झाकताच फवारलं, सगळे मासे गेले, ते पोरगं किती रडलं सगळ्यांनी ऐकलंय. ही पायरेथ्रॉइड जातीची औषधं माशांना लई विषारी असतात, टँक झाका आणि टँकचा हवेचा पंप बंद करा एवढं बेल वाजवल्यावर सांगायला काय जातंय?

आता तुम्ही म्हणाल बाईंना एवढं कुठनं कळायला लागलं. तर लेक टेक्सासमध्ये असते, ह्यूस्टनच्या वरच्या बाजूला वुडलँड्स म्हणून गाव आहे, 1974 साली पाइनच्या जंगलातच वसवलेलं, तिच्याकडं राहून आलेय. पूर्व टेक्सासचा तो सगळा पट्टाच पाइनचा, त्याला पायनी वुड्स म्हणतात, उंचच्या उंच लॉबलॉली पाइन आणि खाली सुयांचा खच. पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांत धो धो पडून मोकळा होत नाही, वर्षभर अधूनमधून येतच राहतो, त्यामुळं दमटपणा हटत नाही. आणि त्यात घरं लाकडी सांगाड्याची! आपल्याकडं वाळवी फार तर कपाट खाते, तिथं भिंतच खाऊ शकते. तिथली वाळवी होतीच, वर दुसऱ्या महायुद्धानंतर आशियातनं बोटींवरच्या लाकडाबरोबर फॉर्मोसन जातीची वाळवी जाऊन बसलीय, ती जास्तच खादाड.

लेकीकडं पेस्ट कंट्रोलवाला आला तेव्हा मी मुद्दाम त्याच्या मागं मागं फिरले, कारण मला वाटलं आता हा पंप काढणार. त्यानं काढला टॉर्च, एक स्क्रूड्रायव्हर आणि ओल मोजायचं मीटर. घराभोवती पूर्ण चक्कर मारली, वाफ्यात पसरलेल्या पाइनच्या सुया भिंतीला चिकटल्या होत्या त्या वीतभर मागं ओढायला लावल्या, कारण वाळवी मातीतनं ओलाव्याच्या आधारानं येते आणि भिंतीवर मातीची नळी करून चढते, जोत्याची कड उघडी असली तर ती नळी डोळ्याला दिसते. छतावर टेकलेली फांदी तोडायला सांगितली, मुंग्यांचा तो पूलच असतो. पन्हळीत कुजलेल्या सुया साफ करा म्हणाला, तिथं तपकिरी मोठी झुरळं राहतात आणि तिथनं घरात उतरतात, त्यांच्या अंगातलं पाणी लवकर सुकतं म्हणून ओल धरून असतात. आत आल्यावर टबच्या खाली जिथनं पाइप स्लॅबमधनं वर येतो ते भोक बघितलं. हे सगळं झाल्यावर औषध, तेही दोनच ठिकाणी. आणि बिल फवारणीपेक्षा तपासणीचं जास्त. मला आधी राग आला होता, नुसतं बघायचे एवढे पैसे म्हणून.

तिथं फायर अँट म्हणून लाल मुंग्या असतात, चावल्या की पांढऱ्या पुटकुळ्या उठतात, मी प्रसाद घेतलाय. त्यांचं वारूळ दिसलं की त्यावर औषध ओतायचं असं ते करत नाहीत, आधी सगळ्या आवारात आमिषाचे दाणे टाकतात, ते मुंग्याच उचलून राणीपर्यंत पोचवतात, मग उरलेली वारुळं बघतात. असो, आपल्याकडं त्या नाहीत, पण आमिषाचं लक्षात ठेवा, पुढं झुरळाला लागणारंय.

तिथलं सगळं इथं चालत नाही हे मलाही कळतंय. आपली बिल्डिंग आरसीसी आहे आणि दिवसभर एसी लावून घर कोरडं ठेवणं आपल्याला परवडणारंय का. पण ओल, माती आणि लाकूड एकत्र आलं की वाळवी येणार, हे टेक्सासला खरं आणि नागाळा पार्कातपण खरं. 2019 ला आणि परत 2021 ला आपल्या पार्किंगमध्ये पंचगंगेचं पाणी उभं होतं. त्यानंतर ड्रेनेजसाठी मागच्या भिंतीलगत चर खोदून परत बुजवला. बिल्डरनं बांधताना जोत्याच्या मातीत वाळवीचं औषध दिलं असेल असं धरलं तरी माती उकरली की तो पट्टा तिथं तुटतो. आणि नेमकं त्याच बाजूच्या तळमजल्याच्या दोन फ्लॅटमध्ये चौकटी पोकळ लागायला लागल्यात, हा योगायोग आहे असं मला तरी वाटत नाही.

परवाच्या वळवानंतर ट्यूबलाइटभोवती पंखवाली पाखरं आली ती सगळ्यांनी बघितली. बाहेरनं उजेडाला आली तर ठीक, पण खिडक्या बंद असताना घरात खिडकीच्या पट्टीवर गळलेले पंख सापडले तर वाळवी बिल्डिंगच्या आतच आहे असं समजायचं. कुणाकुणाकडं असे पंख सापडले ते वॉचमनला वहीत लिहून घ्यायला सांगा, फुकटात अर्धी तपासणी होईल.

आणि तो पार्किंगमधला पॅलेटचा, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी फळ्यांचा ढीग. शिरोली एमआयडीसीतनं आणलेलं पाइनवूड, बाक करायचे म्हणून ठेवलंय आणि बाक काही होत नाहीत. त्यावर एचटी (हीट ट्रीटमेंट) असा शिक्का आहे म्हणून त्याला वाळवी लागत नाही असं मागच्या मिटिंगला कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की परदेशी माल पाठवताना लाकूड आतपर्यंत 56 अंशाला निदान 30 मिनिटं तापवलंय, म्हणजे तेव्हा आत जे किडे होते ते मेले. पुढं ते ओल्या जमिनीवर भिंतीला टेकवून ठेवलं तर वाळवी शिक्का वाचत बसत नाही. मऊ पाइन म्हणजे तिला मिरजकर तिकटीवरची मिसळ.

आता कोटेशन मागवताना काय बघायचं ते लिहिते. आधीच बांधून झालेल्या इमारतींना वाळवीची ट्रीटमेंट कशी द्यायची त्याचं भारतीय मानक आहे, आयएस 6313 चा भाग 3, कोटेशनमध्ये काम त्याप्रमाणं करणार असं लिहून घ्या. जमीन आणि भिंत मिळते तिथं साधारण फुटाफुटावर 12 मिमीची भोकं मारून आत औषध सोडून परत बंद करतात. औषध कुठलं, किती पाण्यात किती, हे पण लिहून घ्या, उदाहरणार्थ इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्केवालं असेल तर लिटरला 2.1 मिली. नुसतं ‘उत्तम प्रतीचं औषध’ चालणार नाही. क्लोरपायरिफॉस नावाचं औषध स्वस्त पडतं म्हणून सर्रास मारतात, पण अमेरिकेत 2000 साली घरगुती वापरातनं ते जवळपास सगळं काढून घ्यायचं ठरलं, लहान मुलांच्या काळजीनं, आणि आपल्या पार्किंगखाली पिण्याच्या पाण्याची टाकी आहे हे विसरू नका. टाकीच्या बाजूला ड्रिल अजिबात नको. आणि 1968 च्या कीटकनाशक कायद्याखालचं लायसन्स झेरॉक्ससकट मागा, दर कमी आहे म्हणून कुणालापण नको.

झुरळांचं सोपं आहे. किचनमधली बारकी आणि चेंबरमधली मोठी या वेगळ्या जाती. बारकीला जेलचे ठिपके लावायचे, हे ते आमिषच, बिजागरीत, ओट्याखाली, फ्रिजच्या मोटरजवळ, आणि त्यावर फवारा मारायचा नाही, वास लागला की ती जेल खातच नाहीत. तिच्या एका अंडकोशात तीस-चाळीस पिल्लं असतात आणि फवारा आतपर्यंत पोचत नाही, म्हणून तर आठवड्यात परत येतात. मोठीसाठी चेंबरची झाकणं घट्ट, नहाणीच्या जाळ्या, डक्टमधली पाइपाभोवतीची भोकं सिमेंटनं बंद. डक्ट एकच असल्यानं हे सगळ्या फ्लॅटमध्ये एकाच दिवशी व्हायला पाहिजे, निम्मे जण कुलूप लावून गावाला गेले की झुरळं त्यांच्याकडं पाहुणी जातात. बी विंगच्या डक्टमधली गळती तर आधी काढा, प्लंबरचे पैसे पेस्ट कंट्रोलच्या बजेटमधनं गेले तरी माझी हरकत नाही.

डासांसाठी टेरेसवरच्या कुंड्यांच्या ताटल्या आठवड्यातनं एकदा पालथ्या करायच्या, डेंग्यूचा डास आठ-दहा दिवसांत अंड्यातनं उडायला लागतो, फॉगिंगनं उडणारे मरतात आणि पाण्यातली अळी तशीच राहते.

शेवटचं, नोटीस. टेक्सासमध्ये अपार्टमेंटच्या सामाईक जागेत औषध मारायचं तर 48 तास आधी बोर्डावर लावावं लागतं, तसा नियमच आहे. आपणही दोन दिवस आधी बोर्डावर आणि ग्रुपवर दोन्हीकडं टाकूया, औषधाचं नाव, वेळ, कुठल्या जागा. तान्ही बाळं आहेत, दम्याचे आजोबा आहेत, मांजरं आहेत, त्याच पायरेथ्रॉइड जातीचं परमेथ्रिन मांजराला बाधतं.

रविवारी मी मिटिंगला आहे, कोटेशन तीन ठिकाणची आणून ठेवते. पॅलेट उचलायला भाच्याचा टेम्पो शनिवारी दुपारी येतोय, फक्त ज्यांचा ढीग आहे त्यांना तुम्ही सांगा, मी सांगितलं की भांडण होतं.

आपली,
तळमजल्यावरची, पोकळ चौकटवाली मेंबर