बर्मिंगहॅमहून आण्णांना पत्र

तीर्थरूप आण्णांस,
साष्टांग नमस्कार.

परवा दादाचा फोन आला होता. आपल्या फाउंड्रीत पंपाच्या केसिंगची, म्हणजे बाहेरच्या कवचाची, ऑर्डर आलीय, पण नग चार-पाचच, आणि तेवढ्यासाठी पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, करायचा तर हातात काही उरत नाही, म्हणत होता. फोनवर सांगायला लागले, पण दोघांनाही वेळ नव्हता. म्हणून सविस्तर लिहिते. दोघांनी मिळून वाचा.

इथे इंजिनिअर मंडळींचा एक क्लब आहे. महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सातला कुणीतरी येऊन नव्या तंत्रावर बोलतं. कुणीही जावं, मीही कामावरून थेट जाते. या गावाला ही आवड जुनी. अठराव्या शतकात वाफेच्या इंजिनवाले जेम्स वॉट आणि मॅथ्यू बोल्टन, रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टली ही मंडळी पौर्णिमेच्या आसपास जमायची, कारण रात्री घरी परतताना रस्त्यावर चांदणं मिळायचं. त्यावरून नावच पडलं लूनर सोसायटी. मेकॅनिकल इंजिनिअरांची संस्थाही १८४७ मध्ये इथेच निघाली. तिचे पहिले अध्यक्ष रेल्वेवाले जॉर्ज स्टीफन्सन. खाणीवरच्या कामगाराचा मुलगा, अठरा वर्षांचा होईपर्यंत त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. हे वाचलं तेव्हा मला आपले मोल्डिंगवरचे मामाच आठवले.

गेल्या वेळचा विषय आपल्याच धंद्यातला होता, वाळूचा साचा प्रिंट करणं. मशीन वाळूचा पातळ थर पसरतं, साधारण ०.३ मिलिमीटरचा. ड्रॉइंगप्रमाणे जिथे साचा हवा तिथेच वरून रेझिनचे थेंब पडतात. मग दुसरा थर, तिसरा थर. शेवटी सुटी वाळू झटकली की साचा तयार. पॅटर्न नाही, आणि कोअर, म्हणजे आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा, त्यासाठी कोअरबॉक्सही नाही. पॅटर्न ओढून काढायचाच नसल्यामुळे ड्राफ्ट, म्हणजे बाजूंना उतार, ठेवायची गरज नाही, आणि चार तुकडे चिकटवून करायचा कोअर एकसंध निघतो.

बोलणाऱ्या बाईंनी इंजिनाभोवती पाणी खेळवणाऱ्या वॉटर जॅकेटचा कोअर आणला होता, तो हातोहात फिरला. माझ्या शेजारी एक म्हातारे पॅटर्नमेकर होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कोअर उजेडाकडे धरला आणि कडेवरून अंगठा फिरवत राहिले. थरांच्या बारीक पायऱ्या बोटाला लागतात, मीही चाचपून बघितलं. "या कास्टिंगवर उमटत नाहीत?" त्यांनी विचारलं. उमटतात, वॉशचा लेप नीट दिला की पुष्कळ कमी होतात, बाई म्हणाल्या. मग दुसऱ्या एकाने गॅसचं काढलं. रेझिन जास्त झालं, तर वितळलेल्या धातूचा रस ओतल्यावर गॅस कुठून जाणार? कोअरच्या आतच गॅसची वाट प्रिंट करता येते, असं त्यांनी सांगितलं, आणि लगेच पडद्यावर गॅसच्या पोकळ्यांनी, ब्लोहोलनी, खराब झालेल्या स्वतःच्याच कास्टिंगचे फोटो लावले, मधोमध कापून. काय चुकलं, रेझिन किती कमी केलं, सगळं उघड सांगितलं. व्याख्यानापेक्षा प्रश्नोत्तरंच लांबली.

हे सगळ्या कामांना परवडत नाही, हेही त्या स्पष्ट म्हणाल्या. मशीन महाग, वेग कमी. हजारो नग असतील तर पॅटर्नच स्वस्त. पण चार-पाच नगांना पर्याय चांगला आहे. बाहेरचा साचा नेहमीच्या पद्धतीने आणि अवघड कोअर तेवढा प्रिंट केलेला, असंही करतात. दादाच्या केसिंगला मला हेच जमेलसं वाटतं.

आण्णा, आपल्याकडे सेमिनार होत नाहीत असं नाही. पण तिथे दादा जातो, मामा जात नाहीत. रस नुसत्या डोळ्यांनी बघून ओतायचा झाला की नाही सांगणारी तुमच्या पिढीतली माणसं उद्यमनगरच्या कारखान्यांत अजून आहेत. त्यांच्या हातातलं त्यांच्याबरोबरच जाणार, आणि नवीन काय आलंय ते त्यांच्यापर्यंत पोचत नाही. मला हे फार लागतं. महिन्यातून एकदा, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी, शेडमध्ये खुर्च्या टाकून मराठीत बोलायचं, लेथवरच्या पोरांना पहिल्या रांगेत बसवायचं. एवढं तरी तुम्ही सुरू करा. विषयांना तोटा नाही. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे दर पावसाळ्यात पेपरात येतात. पाण्याच्या दाबानेच ते कसे उघडतात आणि पातळी उतरली की कसे मिटतात, हे किती जणांना नीट सांगता येईल? कोकवरची कुपोला भट्टी जाऊन विजेची इंडक्शन फर्नेस आली तेव्हा काय काय नव्याने शिकावं लागलं, यावर पहिल्यांदा तुम्हीच बोला. तुम्हाला कागदही लागणार नाही. आणि आपल्या रिजेक्शनचे तुकडे टेबलावर ठेवा. शेजारच्या शेडवाल्याने बघितले तर बघू देत, तोही आपले आणील.

दादाला म्हणावं, केसिंगचं ड्रॉइंग आणि भिंतीची जाडी लगेच पाठव. बाईंशी मी बोलून ठेवलंय, कोअरला आधार कुठे द्यायचा ते बघून सांगते म्हणाल्या. भारतात हे काम करून देणारे कोण आहेत, तेही विचारते.

आईला नमस्कार, पोरांना पापा. पायाचं दुखणं अंगावर काढू नका.

तुमची,
धाकटी