शनिवारची गोधडी बैठक : फक्त सुती कापड आणा

मैत्रिणींनो,
बाळांची दुपटी शिवून झाली, आता मोठी गोधडी घ्यायची. येत्या शनिवारी दुपारी ३ ते ६, मंदिराच्या सभामंडपात.

• जुनी, मऊ झालेली लुगडी, धोतरं, साड्या खळ काढून, वाळवून आणा. लुगड्याचे काठ फाडून टाकू नका. गोधडीच्या कडेला तेच शोभतात.
• टेरीकॉट, नायलॉन नको. घाम टिपत नाही आणि सुई अडकते.
• जाड सुई, कात्री, सुती दोरा जिचं तिने आणावं.

थर नीट पसरून, सुरकुत्या काढून मगच धावदोरा घालू. कडेकडून आत येत जायचं, टाका बारीक. ढिला टाका एका धुण्यात उसवतो, मग सगळ्यांची मेहनत वाया जाते! नव्या मुलींनी काकूंच्या शेजारी बसावं.

येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत नाव कळवा.