अहवाल स्वच्छ, दोष मात्र आईच्या माथी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मेंदूची वाढ आणि जनुके यांवरचा लेख वाचला. (खानापूर तालुक्यात रविवारची पुरवणी सोमवारी पोचते, त्यामुळे राग एक दिवस शिळा आहे. तेवढे सांभाळून घ्यावे.) लेखकमहाशय ठणकावून सांगतात, जनुकांची तपासणी स्वच्छ आली की दोष आनुवंशिक नाही. इतके सोपे असते तर काय हवे होते!

माझ्या नातीची हीच तपासणी झाली. पोर अजून धड बसत नाही. अहवालात लिहून आले, ‘दोष आढळला नाही’. कागद घरात आला आणि सगळ्यांच्या नजरा माझ्या लेकीकडे वळल्या. जनुके ठीक, म्हणजे हिनेच पोटुशी असताना काहीतरी केले असणार. मग कोणाला तरी आठवले, ग्रहणाच्या दिवशी ती विळीवर दोडका चिरत होती. कोणी पाहिले, देव जाणे.

मी पदवी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवले आहे, म्हणून राहवत नाही. नातीची झाली ती एक्सोम तपासणी. ती मुख्यतः प्रथिने घडवणारा भाग वाचते. तो आपल्या डीएनएच्या जेमतेम दीड-दोन टक्के. कोणते जनुक कोणत्या पेशीत, गर्भाच्या कोणत्या काळात आणि किती चालू व्हायचे, हे ठरवणारे डीएनएचे तुकडे, म्हणजे एन्हान्सर, बहुतांशी उरलेल्या भागात असतात. पुढच्या मेंदूचे दोन अर्धगोल व्हायला सोनिक हेजहॉग नावाचे जनुक लागते. त्याचा एक एन्हान्सर त्याच्यापासून डीएनएची सुमारे ४ लाख ६० हजार अक्षरे दूर आहे. असा लांबचा एन्हान्सर डीएनएच्या धाग्याला वळसा पडून जनुकाच्या जवळ येतो. पुढचा मेंदू नीट विभागला न गेलेल्या एका रुग्णात याच एन्हान्सरमधले एक अक्षर बदललेले आढळले, हे २००८ साली प्रसिद्ध झाले आहे. एक अक्षर! नेहमीची एक्सोम तपासणी तिथवर जातच नाही.

नातीचे असेच आहे, असा माझा दावा नाही. अख्खा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचला तरी सापडलेल्या प्रत्येक बदलाचा अर्थ आज लावता येत नाही. पण ‘पाहिले तिथे सापडले नाही’ याचा अर्थ ‘नाहीच’ असा छापायचा हक्क तुम्हाला कोणी दिला?

कहर म्हणजे त्याच पानावर खाली चौकट, ‘ग्रहणकाळात गर्भवतींनी काय टाळावे’. वर विज्ञान, खाली विळी. आमचे व्याही निपाणीचे, तुमचे जुने वर्गणीदार. त्यांनी लेखही दाखवला आणि चौकटही.

खुलासा छापणार असाल तर पहिल्या पानावर नको, तिथे पुढाऱ्यांच्या वाढदिवसांना जागा पुरत नाही. राशिभविष्याच्या शेजारी छापा. विहीणबाई तेवढे न चुकता वाचतात.

आपली,
एक वाचक, नंदगड (ता. खानापूर, जि. बेळगाव)