जावळाचे रोडगे

ता. दारव्हा, जि. यवतमाळ
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चि. सौ. छकुलीस अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी कपाशीत होतो. अर्धं ऐकू आलं, अर्धं वाऱ्यानं नेलं. एवढं समजलं की पौष लागायच्या आत बाळाचं जावळ उरकायचं आहे, ऐंशी माणूस जेवायला आहे, त्यातले पंचवीसेक आदल्या रात्रीच मुक्कामाला येतील. जवाई म्हणतात अमरावतीहून कॅटरर सांगू, आणि त्यासाठी तू वीस हजार मागितले. पैशाला मी नाही म्हणत नाही. सोयाबीनचे आले आहेत, त्यातले देता येतील. पण आधी हे पत्र शेवटपर्यंत वाच आणि मग सांग, लागतात का. तुझा भाऊ म्हणतो, एवढं लिहित काऊन बसता, व्हॉट्सॲपवर बोलून पाठवा. मला त्या डबीत तोंड घालून बोलणं जमत नाही. शिवाय यात वजनं आहेत, ती कागदावर असलेली बरी. कागद चुलीजवळ खिळ्याला अडकवता येतो.

काय रांधायचं हे ठरवायच्या आधी घरात काय आहे ते पाहायचं असतं. तुझं सासर दर्यापूरच्या खारपाणपट्ट्यात. तूर, हरभरा, मूग घरचे. भाजीपाला मात्र बाजारातूनच आणावा लागतो, कारण विहिरीच्या खाऱ्या पाण्यावर वाफा धरत नाही. आपल्याकडे गहू आहे. थंडीचे दिवस आहेत, वांगी स्वस्त आहेत, कापणी झालेलं एखादं वावर मोकळं असेल. एवढ्यावर मला तरी दुसरं काही सुचत नाही. शेतात रोडगे करा. सोबत वांग्याची भाजी, वरण, थोडा भात. गोड म्हणून रोडगा कुस्करून त्यात गूळ-तूप. वेगळा शिरा नको, बुंदी तर नकोच.

जवाईंना वाटेल, पाहुणे काय म्हणतील. त्यांना सांग, तुमच्याच तालुक्याशेजारी शेंडगावला जन्मलेल्या गाडगेबाबांनी आपल्या लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं साधं जेवण घातलं होतं. भाऊबंद तेव्हाही फुगलेच होते. कर्ज काढून पंगती घालू नका, हे ते पुढं जन्मभर कीर्तनात सांगत फिरले. आणि अमरावतीचे पाहुणे रोज पनीर खातात, त्यांना त्याचं काय कौतुक? पौषात बहिरमच्या जत्रेत हीच शहरातली माणसं रोडग्यासाठी धुळीत बसलेली मी पाहिली आहेत.

आता वजनं. पायली तुमच्या गावची वेगळी, आमची वेगळी, म्हणून किलोतच सांगतो. ऐंशी माणसांना बारा किलो कणीक. त्यात लेकरं येतात, म्हातारे येतात, जड खाणारे चार-दोन गडीही येतात. माणशी दीड रोडगा धरला तरी पुरून उरतं. गिरणीवाल्याला आधीच सांग, पोळीचं पीठ नको, जाडसर, हाताला रव्यासारखं लागलं पाहिजे. बारीक पिठाचा रोडगा वरून करपतो आणि आत चिकट राहतो. दोन मुठी मीठ, मूठभर ओवा, सव्वा लिटर तेलाचं कडकडीत मोहन. मोहन पिठाला नीट चोळायचं. मुठीत दाबलं की मुटका बांधला गेला पाहिजे. मग घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवायचं.

करायची रीत तू लहानपणी पाहिली आहेस, पण तेव्हा तुझं लक्ष बोरांत असायचं. लिंबाएवढे गोळे घेऊन तळहाताएवढ्या पाऱ्या थापायच्या. एका पारीला तेलाचं बोट लावायचं, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि सगळ्यात मोठ्या पारीत ही चळत घालून तोंड बंद करायचं. मोठ्या पेरूएवढा गोळा होतो. तोंड नीट मिटलं नाही तर त्यातून राख आत जाते आणि खाणाऱ्याच्या दाताखाली कचकन येते. हे काम बायकांच्याच अंगावर टाकू नको. आमच्याकडं रोडगे गडीच करतात, तुमच्याकडंही करत असतील. नसतील करत तर शिकतील.

गोवऱ्या मात्र भरपूर हव्यात आणि खडखडीत वाळलेल्या. आतापासून सांगून ठेव. ओल्या गोवरीचा धूर रोडग्यात शिरला की तूपसुद्धा त्याला झाकत नाही. ढीग पेटवून द्यायचा आणि धूर संपून नुसता लाल विस्तव राहीपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग पसरायचा, रोडगे ठेवायचे, आलटूनपालटून सगळीकडून डाग पडू द्यायचे आणि शेवटी गरम राखेत दडपून टाकायचे. तासभर, कधी सव्वा तास. झाला की नाही हे कानाला कळतं. बोटानं ठोकला की पोकळ आवाज येतो आणि अंगाला तडा गेलेला असतो. फडक्यानं पुसायचा, फोडायचा, तुपात घालायचा. दोन किलो तूप लागेल. तिथं हात आखडू नको, बाकी सगळीकडं आखड.

वांगी दहा किलो, आलू तीन किलो, कांदे दीड किलो, भेदरं (टमाटे) दोन किलो, शेंगदाणे किलोभर, तेल दीड लिटर. सांबार (कोथिंबीर), लसूण, अद्रक, हिरवी मिरची तुझ्या हातानं. वांगी आदल्या रात्री चिरायची नाहीत. चिरली की लगेच मिठाच्या पाण्यात टाकायची आणि चिरल्यापासून तासाभरात फोडणीला गेली पाहिजेत. रस्सा वाढवायचा तर उकळतं पाणी घालायचं. गार ओतलंस तर तेल सुटत नाही आणि रस्सा वेगळा, फोडी वेगळ्या पोहतात. रस्सा पातळ वाटला तर शिजलेले दहा-बारा आलू सराट्यानं गंजातच दाबून टाकायचे. बेसन लावायची गरज नाही.

आता वरणाचं. यासाठी तर मी मुद्दाम लिहायला बसलो.

लग्नानंतर पहिल्या दिवाळीला तू रडत सांगितलं होतंस की सासूबाई म्हणतात, हिला डाळ शिजवता येत नाही. तेव्हा मी नुसता हसलो होतो. चूक तुझी नव्हती, पाण्याची होती. विहिरीच्या त्या जड पाण्यात चुना आणि तसलेच क्षार असतात, ते डाळीच्या अंगाला धरतात आणि दाणा फुटूच देत नाहीत. घरच्या कुकरमध्ये चार शिट्ट्या जास्त दिल्या की भागतं. तीन किलो तुरीची डाळ उघड्या गंजात शिजवायची असेल तर दुपार होईल आणि डाळ तशीच तळाशी बसून राहील. म्हणून वरणाला विहिरीचं पाणी घ्यायचंच नाही. नळ येतो त्या दिवशी चार गुंड भरून बाजूला ठेव आणि त्याला कोणाला हात लावू देऊ नको. डाळ तासभर भिजव. शिजताना हळद आणि तेल घाल, म्हणजे फेस उतू जात नाही. तरी शिजेना तर सोड्याची चिमूट, जास्त नाही, नाहीतर वरणाला साबणाचा वास येतो. मीठ, चिंच, भेदरं यातलं काहीही डाळ मऊ होईपर्यंत टाकायचं नाही. आंबटानं डाळ आखडते.

भात चार किलो पुरे, रोडग्यापुढं कोणी फार घेत नाही.

आदल्या रात्रीच्या पंचवीस जणांसाठी भाकरी थापत बसू नका. साठ भाकरी म्हणजे दोघीतिघींची कंबर, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उठायचं आहे. खिचडी टाका. दोन किलो तांदूळ, एक किलो मुगाची डाळ. मूग तुमच्या पाण्यातही शिजतो. वरून कच्चं तेल, भाजलेले पापड, ठेचा. उरली तर रात्रीच परातीत पसरून ठेवायची. गरम खिचडी झाकून ठेवली की सकाळपर्यंत तार धरते आणि मग लेकरांची पोटं बिघडतात. भात-वरणाचंही तेच. मोठ्या गंजात तळ तासन्‌तास कोमट राहतो आणि विटतं ते तिथून.

गंजावरून आठवलं. तुमच्या माळ्यावर जे पितळी गंज आहेत ते मी मागच्या वेळी पाहिले, आतून पिवळे झाले आहेत. कल्हई केल्याशिवाय त्यात काही रांधू नका. माझंच ऐक. तुझ्या मोठ्या आत्याच्या लग्नात भांड्यांचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी कल्हईवाला गावात फिरकला नाही आणि मी म्हटलं, एका दिवसानं काय होते. बाबांना विचारलंसुद्धा नाही. चिंचेचं आंबट वरण होतं, आणि वऱ्हाड दोन तास उशिरा आलं. मी झाकण काढलं तर वरणाला कडेनं हिरवट झाक आलेली. बाबांनी तळहातावर थेंब घेऊन चाटला आणि थुंकले. कळकलं होतं. मला एक शब्द बोलले नाहीत. दोन गडी बोलावले आणि सगळं वरण खड्ड्यात ओतलं, वर माती टाकली, कुत्र्यानंसुद्धा तोंड लावू नये म्हणून.

बाहेर दीडशे माणूस पत्रावळी पुढं घेऊन बसलेलं. मी गोठ्यामागं जाऊन उभा राहिलो होतो, खरं सांगतो. तुझ्या आजीनं सहा घरी पोरी पाठवल्या आणि सात किलो बेसन गोळा केलं. चुलांगणावर लोखंडी कढई चढवली, लसूण-मिरचीची खमंग फोडणी दिली, अडीच गुंड पाणी ओतलं. पाण्याला उकळी येईपर्यंत तिकडं घमेल्यात गार पाण्यात बेसन कालवून घेतलं, एकही गुठळी नाही. एक जण धार धरतो, दुसरा सराटा फिरवतो, आणि हात थांबवायचा नाही. अर्ध्या तासात पिठलं पंगतीत. नवरदेवाच्या मामानं तीनदा मागून घेतलं. आमच्या गावात अजून त्याला ‘पिठल्याचं लग्न’ म्हणतात आणि अर्ध्या लोकांना वाटतं की तोच बेत होता.

तेव्हापासून कोणाच्याही कार्यात मी चार-पाच किलो बेसन गुपचूप बाजूला ठेवून देतो. तूही ठेव. हरभरा घरचाच आहे तुमचा, दळून आण. डाळ शिजली नाही, वांगी किडकी निघाली, ऐंशीचे शंभर झाले, काहीही होऊ दे. लागलं नाही तर पुढं महिनाभर झुणका खा.

आणखी एक, हे जवाईंना वाचून दाखवलंस तरी चालेल. पहिल्या दोन पंगती गड्यांच्या आणि लेकरांच्या होतात. वाढपी पोरं हौशी असतात, पळीभर मागितलं की गडवाभर ओततात. बायकांची पंगत बसते तेव्हा गंजाच्या तळाशी रस्सा असतो आणि वांगं नसतं. तुझ्या बारशाला तुझ्या आईनं मिरची आणि रोडगा खाल्ला. ओली बाळंतीण, आणि मला ते दुसऱ्या दिवशी तुझ्या मावशीकडून कळलं. म्हणून पंगत बसायच्या आधीच एक गंज भाजी, एक तवली वरण आणि चाळीस रोडगे काढून खोलीत ठेव, वर फडकं बांध आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला दे. कोणी मागायला आला तर संपलं म्हणून सांगायचं. वाढायला भाजीपाशी एक तरी वयस्क माणूस उभा कर, ज्याला पळी अर्धी भरता येते. थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा वाढलं की वाया कमी जातं आणि पाहुण्यालाही मान वाटतो.

पत्रावळी पळसाच्या मिळाल्या तर पाहा. आपल्याकडं अजून एक-दोन घरं लावतात, मी शंभर सांगून ठेवल्या आहेत. थर्माकोलच्या ताटांत गरम वरण ओतू नका.

मी दोन दिवस आधी येतो. शकुंतला रेल्वे चालू असती तर दारव्ह्याहून मूर्तिजापूर, तिथं बदलून थेट दर्यापूर, आणि पोतं बाकाखाली. आता एसटीनं अमरावतीवरून यावं लागेल. पंधरा किलो गहू आणतो, त्यातले तीन किलो बियाण्यासारखे निवडून ठेव, कामात येतील. आपल्याकडचे दोन गंज कल्हई करून घेतले आहेत, एक वांग्याला, एक वरणाला. तुझी आई येणारच आहे, पण तिला पाऱ्या थापायला बसवू नको, गुडघा दुखतो तिचा. बाळाला मांडीवर घेऊन बसू दे.

आणि ते वीस हजार लागतात का, ते कळव. माझ्या हिशेबानं गोवऱ्या, घरची डाळ-गहू सोडून तेल, तूप, वांगी, तांदूळ, गूळ मिळून त्याचा चौथा हिस्साही होत नाही. उरलेल्यात बाळाच्या नावानं पोस्टात खातं उघडू म्हणतो. इवायांना नमस्कार सांग.

तुझे बाबा

ता. क. मोठा सराटा तुमच्याकडं आहे का ते पाहून फोन कर. लांब दांड्याचा, लाकडी. नसेल तर सुताराकडून आजच करून घेतो.