वहिनी, सहा सीझन माझ्याबरोबर बसल्याबद्दल

वहिनी,

तुला तोंडावर थँक्यू म्हटलं की तू "बरं बरं, ऊठ आता" करून विषय बदलतेस, म्हणून लिहून टाकतेय आणि सगळ्यांसमोर लिहितेय. तुला विचारलं होतं, तू म्हणालीस माझं नाव घालू नकोस, बाकी काय हवं ते लिही. तर नाव नाही घालत. वहिनी एवढं पुरे आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात सांगते, द एल वर्ड ही अमेरिकन मालिका, शोटाइम चॅनलवर जानेवारी 2004 मध्ये सुरू झाली आणि मार्च 2009 मध्ये संपली, सहा सीझन, 70 च्या आसपास एपिसोड. लॉस एंजेलिसच्या वेस्ट हॉलिवूड भागातल्या मैत्रिणींची गोष्ट, बहुतेक सगळ्या लेस्बियन, अ‍ॅलिस बायसेक्शुअल, आणि सगळ्या जणी सकाळ-संध्याकाळ द प्लॅनेट नावाच्या कॅफेत पडीक. (शूटिंग मात्र बरंचसं कॅनडात, व्हँकुव्हरला. हे कळल्यावर तू म्हणालीस, तरीच आभाळ एवढं भरलेलं असतं.)

मी ती चोरून बघायचे. लॅपटॉप मांडीवर, इअरफोन कानात, दाराकडे एक डोळा. त्या दिवशी तू वाळलेले कपडे घेऊन आत आलीस, माझ्या पलंगावर ढीग टाकलास, घड्या घालायला बसलीस आणि मला काही कळायच्या आत माझ्या एका कानातला इअरफोन काढून स्वतःच्या कानात घातलास. स्क्रीनवर बेट होती, त्या मैत्रिणींमधली एक. तू म्हणालीस, "ही कोण गं? काय रुबाब आहे." मी लॅपटॉप असा आपटून बंद केला की तू दचकलीस. ऑफिसचं काहीतरी आहे म्हणाले मी. ऑफिसचं! आणि तू काहीच बोलली नाहीस, कपडे उचलून गेलीस, आणि मी रात्रभर छताकडे बघत पडले होते की आता ही दादाला सांगणार.

दुसऱ्या दिवशी तू परत आलीस. कपडे नव्हते, काही निमित्त नव्हतं. "ती कालची सिरीयल लाव ना. पण पहिल्यापासून लाव, मधूनच बघितलं की मला कोण कोणाची कोण ते कळत नाही."

पहिल्यापासून म्हणजे, ज्यांनी बघितलीय त्यांना माहितीये पहिल्या एपिसोडमध्ये काय काय आहे. मला घाम फुटला होता. जेनी आपल्या होणाऱ्या नवऱ्याकडे राहायला येते, टिम, तो स्विमिंग कोच, आणि मग कॅफेवाली मरीना तिला भेटते आणि पुढे जे व्हायचं ते होतंच. तेव्हा तू शेजारचा उशीचा अभ्रा ओढलास आणि त्याची घडी घातलीस. मग उलगडलास. मग परत घडी घातलीस. सीन संपेपर्यंत तो एकच अभ्रा चार वेळा घडी झाला, आणि मग तू एकदम म्हणालीस, "पण त्या टिमला सांगायला नको का हिने? बिचारा पूल सांभाळतोय."

वहिनी, मला जे तुला सांगायचंय ते इथेच आहे. मला वाटलं होतं तू विचारशील हे असं असतं का, हे नॉर्मल आहे का, असं का होतं. आधी एका मॅडमकडे गेले होते मी, मोठी फी घेऊन त्यांनी तासभर हेच प्रश्न विचारले होते, लहानपणी काय झालं, वडील कसे होते वगैरे. तुला पडलेला पहिला प्रश्न म्हणजे जेनीने टिमला फसवलं की नाही. तू ती मालिका मालिकेसारखी बघितलीस. कोण चुकलं, कोण आगाऊ आहे, कुणी कुणाची माफी मागायला हवी. बास.

बेटने टीनाला फसवलं तेव्हा तर तू दोन दिवस धुमसत होतीस. सात वर्षांचा संसार, त्यात टीनाचं मूल पोटातच गेलेलं, आणि ही बया कँडेसच्या मागे! "त्या सुतारणीत काय बघितलं एवढं?" हे वाक्य तू मोठ्यांदा म्हणालीस आणि बाहेरून दादाने विचारलं कोण सुतारीण, आणि तू म्हणालीस सिरीयलमधली आहे, तू तुझं काम कर. मी उशीत तोंड खुपसून हसत होते आणि हसता हसता मला रडू यायला लागलं, ते तुला दिसलं नाही. किंवा दिसलं असेल. तुझं काही सांगता येत नाही.

मग आला अ‍ॅलिसचा चार्ट. तिच्या घरच्या पांढऱ्या बोर्डवर नावं आणि रेषा, कोण कुणाबरोबर होतं, आणि शेवटी फिरून फिरून सगळे एकमेकांना जोडलेले, मधोमध शेन आणि तिच्यातून निघालेल्या शंभर रेषा. मला वाटलं हे बघून तू नाक मुरडशील. तू म्हणालीस, "हे तर आमच्याकडे लग्नात बायका करतात, पाच मिनिटांत तुझी मावससासू माझ्या चुलत्याची कोण ते काढतात. फक्त यांच्यात जरा जास्तच चटपटीत आहे."

आणि डेना. टेनिस खेळणारी डेना, जी आपण लेस्बियन आहोत हे मैत्रिणींमध्ये सोडून कुठेही सांगत नाही कारण जाहिराती जातील, एजंट सांगतो कार्यक्रमाला एखादा पुरुष घेऊन जा बरोबर. तिला क्लबमधली शेफ लारा आवडते पण लाराला बायका आवडतात की नाही हेच कळत नाही, मग या सगळ्या पोरी टोळीने तिथे जाऊन टेहळणी करतात, नखं कशी आहेत, बूट कसले घातलेत, मार्क देतात, वजा करतात, आणि शेवटी ती लाराच येऊन डेनाचा मुका घेते आणि प्रश्न मिटतो. तू एवढी हसलीस की परत लाव म्हणालीस. आणि परत लावल्यावर, हसता हसताच, स्पेसबारवर बोट ठेवून ते थांबवलंस. माझ्याकडे न बघता विचारलंस, "मग तू यातली कोण?"

मी म्हणाले, "डेना."

"वाटलंच मला. शेन असतीस तर आतापर्यंत घरात चार जणी येऊन रडून गेल्या असत्या." आणि बोट दाबलंस, पुढे सुरू.

एवढंच. वर्षानुवर्षं मी मनात ज्याच्या तालमी केल्या होत्या, कुणाला आधी सांगायचं, कुठल्या शब्दांत, कुठल्या दिवशी, ते सगळं एका शब्दात उरकलं आणि तो शब्द पण माझा नव्हता, एका टेनिसवालीचं नाव होतं. मी पुढचा अर्धा एपिसोड बघितलाच नाही, नुसती स्क्रीनकडे तोंड करून बसले होते. तू बघत होतीस. नंतर म्हणालीस, बघ, जे लपवत होती त्याच्याचमुळे तिला सुबारू गाड्यांची जाहिरात मिळाली. ते तू माझ्यासाठी म्हणालीस की खरंच तुला त्या गाडीचं कौतुक होतं, मला अजून कळलेलं नाही.

तिसरा सीझन सुरू करताना मी तुला सांगायला हवं होतं. मला माहीत होतं ना. पण मी आधी काही बोलायचं नाही असा तूच नियम केला होतास. डेनाला ब्रेस्ट कॅन्सर होतो आणि ती जाते, आणि अ‍ॅलिस त्या क्षणी खोलीत पण नसते, जरा बाहेर गेलेली असते तेवढ्यात. 2006 चा एपिसोड तो, किती वर्षं झाली, अजून लोक त्याबद्दल चॅनलवाल्यांना शिव्या घालतात आणि बरोबरच करतात, एवढ्या मोठ्या टोळक्यातून नेमकी तीच मिळाली यांना. तू बोलली नाहीस काही. अंत्यविधीच्या एपिसोडला तो धर्मगुरू असं भाषण करतो जणू डेनाला अजून योग्य पुरुष भेटायचा राहिला होता, आणि अ‍ॅलिस उठून भर सभेत ओरडते की ती गे होती. तेव्हा तू माझा हात धरलास. जोरात, दुखेल इतका. "तुझ्या बाबतीत असं कुणी बोललं ना, तर मी उठेन." मी म्हणाले, वहिनी, मी मरत नाहीये. तू म्हणालीस, "मरायची वाट कशाला बघायला हवी?"

आणि दुसऱ्या दिवशी दोघींच्या तपासणीची अपॉइंटमेंट घेतलीस. दोघींचं ठीक निघालं. तो कागद मी जपून ठेवलाय.

अजून एक गोष्ट, ती बाळाची. टीनाला मुलगी होते, अँजेलिका, आणि बेट तिची आई असूनही कायद्याने कुणीच नाही, तिला ती दत्तक घ्यावी लागते, घरी समाजसेविका येऊन तपासून जाते. तू पाहत राहिलीस. "स्वतःच्याच लेकीला दत्तक?" मग मी तुला सांगत बसले की तेव्हा तिकडे लग्नच करता येत नव्हतं, 2004 मध्ये मॅसॅच्युसेट्स या एका राज्यात सुरू झालं होतं, कॅलिफोर्नियात नाही, सगळ्या देशात व्हायला जून 2015 उजाडलं. आणि पुढे ती टाशा, सैन्यातली, तिच्यावर खटला चालतो कारण सैन्यातल्या गे लोकांसाठी तेव्हाचा नियमच होता की सांगू नका, आम्ही विचारणार नाही. तो नियम 2011 मध्ये गेला. तू म्हणालीस, म्हणजे ही सगळी जणं आपल्या डोळ्यांसमोर कॉफी पिऊन खिदळतात आणि मागे एवढं चालू असतं. हो वहिनी. म्हणून तर मला त्यांचं ते खिदळणं जास्त आवडायचं. प्रेमाचे सीन सगळीकडे मिळतात, पण पाच-सहा जणी एका टेबलाभोवती बसून एकमेकींची उणीदुणी काढतायत आणि कुणीही उठून जात नाहीये, हे मी आधी कुठे बघितलंच नव्हतं.

सगळंच चांगलं होतं असं नाही, ते तूच दाखवलंस. मॅक्सचं जे केलं ते तुला अजिबात पटलं नाही, आणि मी मोठी फॅन असून बाजू घेत बसले होते. ट्रान्स पुरुष आहे तो, आणि या बायका, ज्यांना स्वतःला सगळं भोगून माहीत आहे, त्याची टर उडवतात. तू म्हणालीस, "सुनेचा छळ सगळ्यात जास्त कोण करतं, जी स्वतः छळ सोसून आलेली असते ती सासू." मी गप्प. आणि जेनी तुझ्या जी डोक्यात गेली ती गेली, सहाव्या सीझनला ती मेल्यावर पण तुला दया आली नाही, आणि आठ एपिसोड घालवून कुणी मारलं तेच सांगत नाहीत म्हटल्यावर तू रिमोट नसताना रिमोट शोधत होतीस फेकायला.

दादाचं मात्र सगळं श्रेय तुझं. तो एकदा सहज येऊन बसला होता, शेनकडे बघून म्हणाला, "हा पोरगा कोण?" आणि तू, "पोरगी आहे ती, आणि तू आयुष्यात बघितल्या नसशील एवढ्या पोरी फिरवल्यात तिने." तो चक्क हसला. तू मला नंतर विचारलंस, मी सांगू का त्याला, का तू सांगणार, का अजून नकोच. मला तीन पर्याय दिलेस. मी म्हणाले तू सांग, मी बाहेर जाते. मी बाहेर जाऊन दोन तास नुसती फिरत राहिले. परत आले तर तो काही बोलला नाही, नंतर आठ दिवस नीट बोलला नाही, आणि त्या आठ दिवसांत तू त्याला काय काय म्हणालीस ते तू मला कधीच सांगितलं नाहीस. एक वाक्य तेवढं भिंतीपलीकडून ऐकू आलं होतं. बेटच्या बापाचं. तो म्हातारा टीनाला शेवटपर्यंत मान्य करत नाही, आणि आजारी पडल्यावर त्याचं सगळं करायला तीच असते. तू दादाला म्हणत होतीस, "तुला तसला म्हातारा व्हायचंय का?"

नवव्या दिवशी त्याने माझ्या खोलीच्या दारात उभं राहून विचारलं, "ती टेनिसवाली वाचते का गं शेवटी?" मी नाही म्हणाले. तो "च्च" करून गेला. आमच्या घरात याला बोलणं म्हणतात.

आता तू दूर, मी इकडे. जनरेशन क्यू राहिलीय अजून आपली, 2019 ला सुरू झालेली, तीन सीझन, बेट, अ‍ॅलिस, शेन तिघी आहेत, मॅक्सपण परत येतो शेवटच्या सीझनला, त्यामुळे तुझा राग थोडा उतरेल. मी एकटीने एकही एपिसोड बघितलेला नाही, शप्पथ. पुढच्या महिन्यात येताय ना दोघं, तेव्हा पहिला लावू. दादाला शेजारी बसू दे, प्रश्न विचारेल, विचारू दे.

आणि माझ्याबरोबर अजून एक जण असेल. तुला फोटो दाखवलाय तीच. चांगली आहे गं, फक्त तिला टीना आवडत नाही, ती पूर्ण बेटच्या बाजूने आहे, सुतारणीचा विषय निघाला तर तेवढं सांभाळून घे.

तुझी,
डेना (भित्री, पण आता बरीच बरी)