गेटवरच्या काकांना, भेदराच्या हिशेबासकट

काका, नमस्कार.

तुम्ही हे वाचाल असं काही वाटत नाही, तुमच्याकडे तो बटनांचा फोन, आणि तोही आता बंद लागतो. एजन्सीने तुमची ड्युटी बदलली त्या दिवशी मी ऑफिसमध्ये होते, संध्याकाळी आले तर गेटवर नवीन माणूस, विचारलं तर म्हणे माहीत नाही जी कुठे लावली त्यांची. म्हणून इथे लिहून टाकते, तुमच्या गावाच्या, काटोलकडच्या कोणाच्या फोनवर पोचलंच तर वाचून दाखवतील तुम्हाला.

आपली ओळख भांडणाने झाली, आठवते का? मार्चमध्ये मी नर्सरीतून टमाटराची, तुमच्या भाषेत भेदराची, चार रोपं आणून गच्चीवर लावली होती, नागपूरच्या मनीष नगरच्या उन्हात, दोन वेळा पाणी, वरून हिरवी नेट, सगळे लाड. एप्रिलमध्ये फुलं आली आणि देठाजवळ पिवळी पडून रोज सकाळी खाली सडा. तुम्ही टाकीचा वॉल पाहायला वर आले आणि न विचारता म्हणाले, "ताई, उन्हाळ्यात भेदरं नाई धरत. मानूस सावली हुडकते, तं फूल काय करन." मला रागच आला, खोटं कशाला बोलू. मग रात्री मोबाईलवर शोधत बसले तर तेच निघालं की दिवसा 35 च्या वर आणि रात्री 24-25 च्या वर तापमान राहिलं की टमाटराचं परागीकरणच नीट होत नाही, फुलं गळतात. आपल्याकडे तेव्हा 42 चालू होतं, रात्रीही कुलरशिवाय झोप नाही. दुसऱ्या दिवशी मीच खाली आले विचारायला, मग लावू कधी? "पोळा होऊ द्या."

पोळ्याला गावी जाऊन आलात आणि कागदाची पुडी दिलीत, आत राखेत घोळलेलं गावरान भेदराचं बी. मी विकत आणलेला ट्रे दाखवला तर हसले आणि टपरीवरचे चहाचे कागदी कप गोळा करून आणले, बुडाला खिळ्याने भोकं. सहाव्या दिवशी कोंब दिसले. मी ते किचनच्या खिडकीत ठेवले होते नीट राहावे म्हणून, तर तीन दिवसांत दोऱ्यासारखे लांब होऊन आडवे. तुम्ही सगळे कप उचलून गच्चीच्या कठड्यापाशी सकाळच्या उन्हात नेऊन ठेवले, बोलले काहीच नाही. अर्धे वाचले.

बादल्या पेंटच्या 20 लिटरच्या, तापलेल्या सळईने भोकं पाडलेल्या, आणि दोन रोपं त्या जुन्या कुलरच्या टाकीत जी मी भंगारात देणार होते. मातीवरून तुम्ही फार कटकट केली होती बरं का. मी नुसती काळी माती भरत होते, आपली विदर्भाची माती म्हणून अभिमानाने. तुम्ही म्हणालात वावरात ठीक आहे, बादलीत ती ओली झाली की चिखल आणि वाळली की वीट. मग एक घमेलं माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत, एक कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, असं ठरलं. आणि लावताना तर माझा जीवच गेला, चांगलं वीतभर वाढलेलं रोप, खालची पानं खुडून तुम्ही अर्ध्याहून जास्त खोड मातीत पुरलं! पण टमाटराच्या खोडाला मातीत गेलं की मुळं फुटतात, हे नंतर एक रोप उपटावं लागलं तेव्हा मी डोळ्यांनी पाहिलं, सगळ्या खोडाला पांढरी दाढी.

ते उपटलेलं रोप म्हणजे बोकड्यावालं. पानं वर वळून बारीक, खाली पांढऱ्या माशा. मी निंबोळी तेल, थोडं साबणाचं पाणी, पिवळे चिकट कागद, सगळं केलं, माशा कमी झाल्या पण ते झाड काही सुधरेना. तुम्ही सांगितलं की माशी रोग आणते, एकदा झाडात शिरला की तो निघत नाही, ठेवलं तर बाकीची पण जातील. मला उपटवेना. मग तुम्हीच उपटलं, पिशवीत बांधलं आणि कचरागाडीत टाकताना मोठ्याने ओरडले, "रोगराई घेऊन जा गे मारबत!" पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी रोगराई हाकलायला जिची मिरवणूक काढतात ती मारबत, आणि तीही नोव्हेंबरमध्ये! तिसऱ्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून पाहत होत्या, त्या आजही मला त्याच नावाने चिडवतात.

मधल्या काळात मी एकदा युरिया टाकला तेही कबूल करते. तुम्हाला सांगितलं नव्हतं पण तुम्ही झाड पाहूनच ओळखलं, हिरवंगार, पान तळहाताएवढं आणि फूल एक नाही. "हे खाऊन खाऊन माजलं, ताई." तीन आठवडे नुसतं पाणी दिलं तेव्हा फुलावर आलं. मग रोज सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या दांडीला टिचकी मारायची, पराग त्याच फुलात खाली पडतो, हे काम माझ्या मुलीने पळवलं.

पण खरे आभार मानायचे ते बुडाच्या काळ्या डागासाठी. डिसेंबरात पहिली फळं लिंबाएवढी झाली आणि एकेकाच्या बुडाला काळा, चामड्यासारखा डाग. मी वाचलं कॅल्शियम कमी आहे. अंड्याची टरफलं मिक्सरमधून काढून टाकली, दुकानातून बाटली आणली साडेतीनशेची. तुम्ही बाटली हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि एवढंच विचारलं, पानी कवा घालता? आता काय सांगू, ऑफिसमुळे तीन दिवस काही नाही आणि रविवारी बादलीभर. तुम्ही बोट मातीत दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं, बाहेर काढून मला दाखवलं, कोरडं. कॅल्शियम मातीत असतंच बहुतेक वेळा, ते फळापर्यंत पाण्यासोबतच चढतं, पाणी तुटलं की बूड उपाशी. टरफलं कुजायला तर महिनेच लागतात. त्या दिवसापासून तुम्ही सकाळी सातला ड्युटी संपवून घरी जायच्या आधी वर येऊन एकेक मग घालत होते, बारा तास जागून. मला हे पंधरा दिवसांनी कळलं, तेही कडुनिंबाचा वाळलेला पाला बादल्यांत पसरलेला दिसला म्हणून विचारलं तेव्हा. डागवाली फळं तोडून टाकली, पुढची एकही तशी आली नाही.

तर हिशेब असा. खारीने आधीची सात-आठ खाल्ली, मग रंग धरला की तोडायचं आणि पेपरात ठेवायचं सुरू केलं, आत पिकतात छान. संक्रांतीच्या आठवड्यात एका दिवसात सव्वा किलो निघाले. तव्यावर भाजून, लसूण, हिरवी मिरची, मूठभर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घालून पाट्यावर चटणी केली, भाकरीसोबत. आंबट, साल जाड, बाजारच्यासारखी चकाकी नाही. तुमचा डबा भरून खाली आणायचा होता, आणि तुमची बदली त्याच्या चार दिवस आधीची.

सगळ्यात चांगल्या झाडाची तीन फळं मी तोडली नाहीत, झाडावरच पूर्ण पिकू दिली. गर तीन दिवस वाटीत आंबवला, धुतला, निघालेलं बी राखेत घोळून वाळवलं, तुम्ही दाखवलं होतं तसंच. कपातल्या पुडीत ठेवलंय, गेटवरच्या टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, नवीन भाऊंना सांगून ठेवलंय की काटोलवाले काका आले तर द्यायची. अर्धं माझ्याकडे आहे. पोळा झाला की कप मांडते.

तुमची,
तिसऱ्या विंगवाली ताई