वळू कोणता वापरला, हे कोणी विचारतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकातला सेंद्रिय पशुपालनावरचा लेख वाचला, रात्री परत एकदा वाचला, तरी राग जाईना म्हणून आज लिहायला बसलोय. चारा कुठला, औषधं किती, गोठ्यात जागा किती, हे लेखकांनी नीट मांडलंय, त्याबद्दल वाद नाही. पण अख्ख्या लेखात पैदाशीवर एकच वाक्य, की सेंद्रिय गोठ्यात प्रजनन नैसर्गिक पद्धतीने होतं. झालं, पुढचा परिच्छेद! अहो, जनावराच्या वाट्याला काय भोग येणार हे निम्मं तर ते जन्मायच्या आधीच ठरलेलं असतं, कोणती कांडी, म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी, भरली तिथेच. आणि ते वाक्य पुरतं खरंही नाही. युरोपियन युनियनचा जो सेंद्रिय नियम २०२२ पासून लागू आहे त्यात कृत्रिम रेतन चालतं, हार्मोन देऊन माजावर आणणं, भ्रूण प्रत्यारोपण आणि क्लोनिंग चालत नाही. चांगला नियम आहे. पण ज्याची कांडी आपण आणतो तो वळू स्वतः कसा जन्मला, त्याच्या मुली कसल्या गोठ्यात वाढल्या, हे आपण विचारायचंच नाही का?

मी हे का विचारतोय ते सांगतो. माझ्या गाई चरायला जातात, खुराक, म्हणजे दाणा-पेंड, अगदी मोजका. कांडी देणाऱ्या कंपनीच्या माणसाला मी हे सगळं सांगितलं होतं, त्यावर तो म्हणाला की चांगलं रक्त कुठेही चांगलंच, आणि यादीतला सगळ्यात वरचा वळू देऊन गेला. त्याची कालवड झाली, दिसायला देखणी, कास अशी की बघत राहावं. पहिलं वेत कसंबसं निभावलं. दुसऱ्यांदा व्यायली आणि दूध सुरू झालं ते थांबेचना, आणि इकडे गाय रोज उतरत चालली, आठवड्याभरात माकडहाडाच्या दोन्ही बाजूला खड्डे पडले, बरगड्या मोजता येतील अशी झाली, आणि धारेला बसलं की तिच्या श्वासाला नेलपॉलिश पुसायच्या लिक्विडसारखा गोडसर वास यायचा. ज्यांनी किटोसिस, म्हणजे दुधापायी अंगावरची चरबी झपाट्याने वितळून होणारा आजार, बघितलाय त्यांना तो वास विसरता येत नाही. बाकीच्या गाई कुरणाकडे निघाल्या की ही दावणीपाशीच मान खाली घालून उभी. खायची इच्छा नाही आणि तरी कास भरलेली! अंगावरची चरबी वितळवून ती दूध देत होती, कारण तिची पैदासच तशी केलेली. उपचार केले, त्यातून उठली, पण पुढे गाभण राहीना, दर खेपेला उलटायची, म्हणजे पुन्हा माजावर यायची, आणि शेवटी तिसरं वेत न बघताच तिला गोठ्यातून काढावं लागलं. त्या माणसाला फोन केला तर उत्तर काय, खुराक वाढवा.

याच उत्तराचा मला आजही संताप येतो. म्हणजे वळू बदलायचा नाही, शेती बदलायची! त्याच युरोपियन सेंद्रिय नियमात दुभत्या गाईच्या रोजच्या आहारातला किमान ६० टक्के भाग वैरणीचा हवा, व्यायल्यानंतरचे पहिले तीन महिने तो फार तर ५० पर्यंत खाली आणायची सूट. ही गाय त्या आहारावर जगूच शकत नसेल तर तिला तिथे जन्माला घालणं हाच तिच्यावर अन्याय आहे, मग गोठा कितीही हवेशीर ठेवा. वळूंची क्रमवारी लागते ती बहुतेक भरपूर खुराकाच्या गोठ्यांतल्या मुलींच्या दुधावरून. गवतावरच्या गोठ्यात तीच क्रमवारी खालीवर होऊ शकते, हे पैदासशास्त्रात जुनंच आहे. मग कमी खर्चाच्या शेतीसाठी वेगळी यादी का नको? पाय, खूर, गाभण राहणं, किती वेतं टिकली, हे त्यात आधी बघा आणि दूध नंतर.

दुधाच्या आकड्यामागे धावून काय होतं त्याचं उदाहरण म्हणजे १९६२ साली अमेरिकेत जन्मलेला चीफ नावाचा होल्स्टीन वळू. त्याच्या मुली भरपूर दूध द्यायच्या म्हणून जगभर त्याचं वीर्य गेलं. त्याच्या रक्तात एक जनुकीय दोषही होता, आई आणि बाप दोघांकडून आला तर वासरू पोटातच मरतं. तो दोष सापडेपर्यंत सुमारे ५ लाख गर्भ गेले असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. पण एका वळूवर एवढं अवलंबून राहणं हा निर्णय माणसांनीच घेतला होता ना?

कोंबड्यांचं तर लेखात नावच नाही. अंड्यांची जात वेगळी, मांसाची वेगळी, त्यामुळे अंड्यांच्या जातीची नर पिल्लं कोणालाच नको असतात. जर्मनीत बंदी येण्याआधी वर्षाला सुमारे ४.५ कोटी नर पिल्लं पहिल्याच दिवशी मारली जायची, आणि सेंद्रिय अंडीवाल्यांच्या कोंबड्याही अशाच हॅचऱ्यांमधून यायच्या. २०२२ पासून तिथे हे बंद झालं. आता बरेच जण अंड्यातच लिंग तपासून नर अंडी बाजूला काढतात, पण काही सेंद्रिय संघटनांनी तेही नाकारलंय, त्या नर पिल्लं वाढवतात किंवा अंडी आणि मांस दोन्हीसाठी चालेल अशी जात तयार करतायत. अशी कोंबडी अंडी कमी देते, तिच्या भावाचं वजन सावकाश वाढतं आणि दोघंही खातात जास्त, म्हणजे दाण्याला जमीनही जास्त लागते. सोपं काहीच नाही यात. तरी मला तोच रस्ता बरा वाटतो. वर्षाला ३०० अंडी देणारी कोंबडी कवचासाठी स्वतःच्या हाडांतलं कॅल्शियम वापरते, छातीचं हाड मोडलेल्या कोंबड्या मोकळ्यावरच्या कळपातही सर्रास सापडतात, आणि मोकळं सोडलं म्हणून तिची जात बदलत नाही.

शिंगांचंही तेच. शिंगं उगवू नयेत म्हणून वासराच्या शिंगकळ्या डागण्यापेक्षा बिनशिंगी वळू वापरणं मला पटतं, फक्त बिनशिंगी वळू कमी असल्याने पुन्हा दोनचार जणांवरच गर्दी नको. जनुक संपादनाने शिंगं घालवायला मात्र माझा विरोध आहे. अमेरिकेत तशा गुरांमध्ये जिवाणूचा डीएनए चुकून राहून गेलेला २०१९ मध्ये तिथल्या सरकारी तपासणीतच सापडला होता.

आणखी एक. लेखासोबतचा फोटो पिंजऱ्यातल्या कोंबड्यांचा आहे. सेंद्रिय नियमात पिंजरा मुळात चालतच नाही, आणि तुम्ही खाली ओळ दिलीय 'सेंद्रिय कुक्कुटपालन'! लेखकांची चूक नसेल, पण तुमच्याकडे कोणीतरी तो फोटो निवडला ना? त्याची दुरुस्ती छापा, आणि लेखकांनी पुढचा लेख फक्त पैदाशीवर लिहावा ही विनंती. लिहिण्याआधी एखाद्या गवतावरच्या गोठ्यात जाऊन तिथल्या गाई किती वेतं टिकतात आणि कोणत्या वळूच्या आहेत, एवढं विचारून यावं.

आपला,
एक गोपालक वाचक